पाण्याखाली उघडायचा डबा

आजोबांची आणि माझी ओळख झाली ती कचरा टाकायच्या जागी. मंगळवार होता, म्हणजे जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. हिगाशी-कसाईतल्या आमच्या बिल्डिंगखाली कावळ्यांसाठी हिरवी जाळी टाकलेली असायची. ती उचलायची, पिशवी आत सारायची, जाळी पुन्हा नीट पसरायची. मी पिशवी ठेवून वळले, तर एक उंच, पाठीत वाकलेला गोरा म्हातारा माझ्या पिशवीवर नाक नेऊन उभा. डोळे मिटलेले. मला वाटलं, काहीतरी चुकीचं टाकलं, आता बोलणी बसणार. पण तो सावकाश इंग्रजीत म्हणाला, "वाळवलेला. उन्हात वाळवलेला, धुरावर नाही." मग डोळे उघडून, "फार छोटा आहे. कोळंबीचा भाऊ?"

सुकट होती ती. निवडून उरलेली डोकी आणि शेपट्या मी चार पिशव्यांत, एकीच्या पोटात दुसरी अशी बांधून आणल्या होत्या. कोणाला कळू नये म्हणून इतका बंदोबस्त, आणि हा माणूस रस्त्यात उभा राहून सांगत होता. त्यांनी खिशातून एक डबी काढली, तीतली काळी चपटी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. "मी तुमचा वास घेतला. आता तुम्ही माझी चव घ्या. थुंकायची मुभा आहे, पण लिहून ठेवीन."

आणि खरंच दुसऱ्या खिशातून एक शाळेची वही निघाली.

गोळी जिभेवर ठेवली आणि मला एकदम दाराशी बसलेला कल्हईवाला आठवला. भांडं तापवून त्यावर नवसागर टाकला की जो पांढरा धूर उठतो, नाकात चढतो, तो कोणीतरी गोठवून त्याची गोळी केली होती. खारट, कडू आणि वर थोडी गोड, ते गोड तर सगळ्यात वाईट. पुढं कळलं की तिच्यात नवसागरच असतो. त्यांच्या देशात पोरं हे खाऊ म्हणून खातात. मी गोळी गालात धरून, डोळ्यांतून पाणी येत असताना, "छान आहे," म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली एक गोल चेहरा काढला. "छान आहे म्हणाली," त्यांनी वाचून दाखवलं. "खोटं. पण थुंकली नाही."

त्यांच्या वहीत एवढंच असायचं. पोस्टमन, वीजमीटर वाचणारा, खालच्या मजल्यावरची फुलझाडंवाली बाई, कोणाला काय खायला दिलं, त्यानं कसं तोंड केलं, आणि शेवटी थुंकला की नाही. दुसरा शेरा नाही. ते मूळचे उत्तर स्वीडनच्या किनाऱ्यावरचे. जहाजाच्या इंजिनांवर काम करत जपानला आले, इथल्या बाईशी लग्न केलं आणि राहिले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती आंबवलेले, तार सुटणारे सोयाबीन रोज भातावर घालून खायची आणि हे आपले मासे. "तीस वर्षं आम्ही एकमेकांना विचारलं, हे कसं काय खातोस? सुखाचा संसार झाला," असं सांगायचे. मला ते 'ओकुसान' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे 'वहिनी' म्हणतात तसं. मी त्यांना आजोबा म्हणायचे. त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर त्यांनी तोही वहीत लिहून घेतला.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आपली मुलं आयटीच्या कामासाठी टोकियोला भरभरून येत होती आणि त्यांच्यामागून आम्ही बायका. आमच्या बिल्डिंगमध्ये पाच मराठी घरं होती, पाचही नवरे एकाच प्रोजेक्टवर. माझं माहेर दापोलीजवळच्या किनाऱ्यावरचं. आमच्या अंगणात कपड्यांच्या दोरीशेजारी बोंबलांची दोरी असायची. नवरा पुण्याचा, माशाचं नावही न निघणाऱ्या घरातला. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. तो बिचारा म्हणायचा, "तू खा गं, मला काही नाही. फक्त वास..." त्या 'फक्त वास'च्या पुढचं वाक्य त्यानं कधी पुरं केलं नाही. मीच पुरं करून घेतलं. आई कॉफीच्या जुन्या पाकिटांत सुकट आणि बोंबील भरून पाठवायची. सकाळी अकरा वाजता, सगळे ऑफिसला गेले की मी भाजायचे, खायचे, मग लिंबानं ओटा पुसायचे आणि उदबत्ती लावायचे. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आम्हा सगळ्यांत मोठ्या. हळदीकुंकू त्यांच्याकडे, गणपती त्यांच्याकडे. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "मेला या देशात जिकडं जावं तिकडं माशाचा वास. बरंय बाई, आपल्या पाच घरांत तरी सगळं आपल्यातलं आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून मी शाकाहारी झाले. कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून आजोबांकडे जाणं हा माझा आराम होता. शेजारचाच ब्लॉक, ३०२. आमचा ३०३. त्यांच्याकडे वासाला लपायची गरज नव्हती. त्यांच्या फ्रीजमध्ये एक खण नुसता डब्यांचा होता. हेरिंग मासा हलक्या मिठात घालून आंबवायचा, डब्यात भरायचा, आणि तो डब्यातही आंबतच राहतो. त्यामुळं डबा फुगतो, दोन्ही बाजूंनी पोट निघतं. आजोबा रोज सकाळी फ्रीज उघडून डब्याला कान लावायचे. "अजून बोलतोय," म्हणायचे. विमानात न्यायला बंदी, म्हणून जहाजावरचा एक जुना दोस्त वर्षातून एकदा योकोहामाला उतरताना दोन-तीन डबे आणायचा.

मी एकदा विचारलं, "आजोबा, मुळात मासा आंबवायचाच कशाला? सरळ खारवायचा."

"मीठ महाग होतं, ओकुसान. पुरेसं घालायला परवडायचं नाही, म्हणून मासा आंबायचा. पुढं मीठ स्वस्त झालं. पण तोवर आम्हाला तो आवडायला लागला होता."

मी त्यांना सुकटीची चटणी दिली, गरम भाताबरोबर. त्यांनी खाल्ली आणि स्वतःच्याच नावे नोंद केली: 'थुंकला नाही. दुसऱ्यांदा मागितली.' त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, नाकाला विचारू नये, नाक भित्रं असतं. जीभ धीट असते. मला ते वाक्य तेव्हा नुसतं गमतीचं वाटायचं.

डबा मात्र ते घरात कधी उघडत नसत. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. ऑगस्टच्या शेवटाला, त्यांच्या गावच्या रीतीप्रमाणं, ते एक डबा टॉवेलात गुंडाळून सायकलच्या टोपलीत उभा ठेवायचे आणि जुन्या एदो नदीच्या बांधाखाली जायचे. बरोबर बादली. "घरात उघडला तर घर विकावं लागतं," म्हणायचे, "आणि घर माझं नाही." एका ऑगस्टला मी त्यांच्याबरोबर गेले. नदीचं पाणी भरून बादली गवतात ठेवली, डबा पाण्यात पूर्ण बुडवला आणि पाण्याखालीच ओपनर लावला. पाण्याखाली उघडायचा म्हणजे आतली हवा बुडबुड्यांनी हळू निघते आणि रस अंगावर उडत नाही. बादली क्षणभर सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली.

मग वास आला. मी किनाऱ्यावरची. खाऱ्या माशांच्या पिंपात वाकून मीठ घातलेली. पण हा वास म्हणजे पावसाळाभर उपडी न केलेल्या होडीच्या तळातलं पाणी, त्यात नासलेली अंडी, आणि वर आठवडाभराचं ताक. बांधावरून कुत्रा फिरवणारा एक माणूस थांबला, आणि कुत्र्यानं त्याला पुढं ओढून नेलं. आजोबांनी शांतपणे दोन ताटल्या मांडल्या. आपल्या मांड्यासारखी पातळ, मऊ पोळी, तिच्यावर उकडलेला बटाटा, चिरलेला कांदा, आंबट साय आणि माशाचा राखाडी तुकडा. घडी घालून माझ्या हातात दिली.

मी खाल्ली. पहिला घास श्वास रोखून गिळला. दुसऱ्याला नाक थकून गप्प बसलं आणि मग नुसता खारट, तिखट, खोल असा मासा राहिला, आणि मला आमच्या आत्याचं पडवीतलं पिंप दिसलं, तिचे मिठानं चिरलेले हात दिसले. मी रडायला लागले. वर्षभर मी हे सगळं उदबत्तीखाली दडपलं होतं. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, वही काढली, लिहिलं आणि वाचून दाखवलं: "ओकुसान. थुंकली नाही. रडली. कारण विचारलं नाही." मग उरलेले मासे आम्ही दोघांनी संपवले. डबा धुऊन, सात पिशव्यांत बांधून, न जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवसाची वाट बघत त्यांनी तो गॅलरीत टांगला. सात मोजून.

नाताळात त्यांनी आणखी एक प्रकार केला होता. लाकडासारखा वाळलेला मासा राखेसारख्या क्षाराच्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवायचा, मग पुन्हा साध्या पाण्यात, की त्याचा काचेसारखा लगदा होतो. ताटात खरवसासारखा थरथरत होता आणि चवीला धुणं आठवलं. मी म्हटलं, "आजोबा, याला चवच नाही." ते खूश झाले. "हो ना? इतकी मेहनत करून!" ते हसायला लागले की खोकायचे आणि खोकता खोकता खुर्चीचा हात थोपटायचे.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

जानेवारीत आईकडून मोठं पार्सल आलं. थंडीमुळं खिडक्या बंद. स्वयंपाकघराचा पंखा बाहेरच्या सामायिक गॅलरीत उघडत होता, याचं मला भान राहिलं नाही. मी डझनभर बोंबील एका दमात भाजले. तिसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली, अतिशय सभ्य जपानीत: कोणत्या तरी ब्लॉकमधून असह्य दुर्गंधी येत आहे, रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावं. तक्रार कोणाची, ते असल्या सूचनेत कधी लिहिलेलं नसतं.

तेव्हा दुसरीही एक भीती होती. वासाचं कारण सांगून भारतीयांना घर नाकारलं, अशा गोष्टी सगळीकडे ऐकू येत होत्या. त्या मार्चमध्ये आमच्या पाचपैकी तीन घरांचे करार संपत होते. वहिनी घाबरल्या होत्या. बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीचा माणूस आला तेव्हा त्या माझ्याच घरी होत्या, तिळाच्या वड्या कापत, कारण त्या वर्षीचं संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे ठरलं होतं. आमच्यात जपानी येत होतं ते मला एकटीला. वॉर्डाच्या वर्गाला जाऊन शिकले होते. त्यामुळं पाच घरांच्या वतीनं बोलणारी मीच.

तो बूट न काढता दारातच उभा राहिला, हातात पाटी आणि कागद. वाकून विचारलं, भारतीय स्वयंपाकात असं काही असतं का, म्हणजे, तीव्र...

"काय म्हणतोय गं?" वहिनी आतून.

"वासाचं विचारतोय."

"सांग त्याला, आम्ही सगळे शाकाहारी आहोत म्हणावं. मसाल्याचा वास असेल तर असेल. पण घाण नाही."

मी ते जपानीत सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. तो "समजलं, समजलं" म्हणत होता, जायला निघाला होता. मग मी आणखी एक वाक्य बोलले. "३०२ मध्ये जे आजोबा राहतात, ते आंबवलेल्या माशाचे डबे घरात ठेवतात."

हे वाक्य मला कोणी सांगायला सांगितलं नव्हतं. वहिनींनी नाही, नवऱ्यानं नाही. ते माझं होतं. आणि त्यात खोटं काही नव्हतं. डबे होतेच. मी फक्त डबा आणि वास शेजारी शेजारी ठेवले. ते ठेवायला किती सोपं गेलं, ते मला अजून आठवतं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं झालं. त्यालाही पाच घरांपेक्षा एक म्हातारा सोयीचा होता.

"काय म्हणालीस एवढं?" वहिनींनी विचारलं.

"तेच. शाकाहारी."

"बरं झालं बाई. घे, वडी बघ, जरा कडक झाली का?"

त्या माणसानं ३०२ च्या दारात जाऊन आजोबांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं असतं, मी घरात डबा उघडत नाही, नदीवर जातो, तर प्रश्न मिटला असता. नाहीतर पुढच्या दारावर आला असता. पुढचं दार माझं. ते म्हणाले, "हो. माझ्याकडचा वास. क्षमा करा."

दोन दिवसांनी, ऐन हळदीकुंकवाच्या वेळी, बेल वाजली. दारात आजोबा. निळा सूट, टाय, केस पाणी लावून बसवलेले. हातात पांढऱ्या कागदात बांधलेला बिस्किटांचा खोका. जपानमध्ये शेजाऱ्यांना त्रास झाला की घरोघर असा खोका घेऊन वाकून यायचं असतं. ते तळमजल्यापासून दारं करत आले होते. माझ्या पाठीमागे खोलीत वहिनी आणि बाकीच्या, नटून थटून बसलेल्या. आजोबा कमरेतून वाकले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पूर्ण रीतीचं वाक्य म्हणाले: माझ्यामुळं आपल्याला फार त्रास झाला, मनापासून क्षमा मागतो. मग सरळ होताना, हळूच, इंग्रजीत:

"लांबट मासा होता ना? छान भाजला होता. पुढच्या वेळी आच जरा कमी."

रागावले नव्हते. डोळ्यांत तेच, कचऱ्याच्या जाळीपाशी होतं ते कौतुक. मला बोलायला एवढी जागा त्यांनी करून दिली होती. एक वाक्य. मागं चारच बायका होत्या. मी काय केलं? वर्गात शिकवलेलं, अशा वेळचं उत्तर दिलं, "छे छे, काहीच त्रास नाही," आणि खोका दोन्ही हातांनी घेतला. दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणं.

बिस्किटं लोण्याची होती. तिळाच्या वड्यांबरोबर आम्ही तीही वाटली. वहिनी म्हणाल्या, "म्हातारा वासाचा असला तरी रीतीचा आहे हो."

मार्चमध्ये आजोबांचाही करार संपत होता. मालकानं तो वाढवला नाही. कायद्यानं भांडता आलं असतं. ते भांडले नाहीत. आमचे तिन्ही करार वाढले. जाताना त्यांनी माझ्या टपालपेटीत एक कार्ड टाकलं. ग्योतोकुच्या नव्या घराचा हातानं काढलेला नकाशा: स्टेशन, कॉनबिनी म्हणजे रात्रंदिवस उघडं असणारं दुकान, डावं वळण, आणि घराच्या जागी एक गोल चेहरा. ग्योतोकु आमच्यापासून तीन स्टेशनं. मी गेले नाही. आधी वाटलं, जरा दिवस जाऊ देत. मग इतके दिवस गेले की आता कशी जाऊ.

इथवरचं मी एकदा नवऱ्याला सांगितलं आहे. याच्या पुढचं त्यालाही नाही.

त्या वर्षीच्या ऑगस्टच्या शेवटी मी सायकल घेऊन नदीवर गेले. ते येणार नाहीत अशी मनाची समजूत घालून गेले. बांधावर चढले, तर खाली गवतात तीच बादली. आजोबा गुडघ्यांवर वाकून पाण्यात ओपनर फिरवत होते, पाठ माझ्याकडे. वारा समुद्राकडून होता, वास माझ्यापर्यंत आला. शेजारी टॉवेल पसरला होता, आणि त्यावर दोन ताटल्या मांडल्या होत्या.

मी सायकल वळवली. घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला आणि बांधाच्या पलीकडच्या उतारानं, पायी, सायकल धरून खाली आले. एकच ताटली असती तर गेले असते, असं मी स्वतःला सांगते. खरं असेलही.

पुढं आम्ही उरायासुला घर घेतलं. मी इथंच नोकरीला लागले. वहिनी काही वर्षांपूर्वी पुण्याला परतल्या. त्यांना निरोप द्यायच्या जेवणात, सगळ्या हसत-रडत असताना, त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता तरी आईकडची सुकट राजरोस भाजत जा गं."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, सगळ्यांनाच. आम्हाला काय नाकं नव्हती?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस, म्हटलं असेल तुझं काही. आपण कशाला दुखवा?"

त्यानंतरच्या रविवारी तो नकाशा घेऊन मी ग्योतोकुला गेले. तीन स्टेशनं लांब होतं ते आता दोनच झालं आहे. कॉनबिनी होतं, डावं वळण होतं. गोल चेहऱ्याच्या जागी सायकली ठेवायचा तळ. शेजारच्या कपडे धुणाऱ्या दुकानातल्या बाईला विचारलं. "तो उंच गैजिन ओजीसान?" ती म्हणाली, म्हणजे परदेशी आजोबा. "त्यानं मला एकदा काळी गोळी दिली होती. काय गोळी होती हो ती!" कुठं गेले ते तिला माहीत नव्हतं. मी विचारलं, थुंकलात का? ती तोंडावर हात ठेवून हसली. "थुंकले. त्यानं लिहून घेतलं."

म्हणजे वही होती तोवर.

त्या वहीत माझ्या दोन नोंदी आहेत, कल्हईच्या गोळीची आणि नदीची. दोन्हींत तेच: थुंकली नाही. खोका घेऊन आले त्या दिवसानंतर त्यांनी तिसरी नोंद केली का, मला माहीत नाही. माझा अंदाज, नाही. दोन ताटल्या मांडणारा माणूस जुनी नोंद खोडत नाही. तेव्हा ते काम माझं होतं, आणि मी ते इतक्या वर्षांनी इथं करते आहे.

३०३ मधली ओकुसान. बोंबील. भर दारात, दोन्ही हात पुढं करून. थुंकली.